इर्मामावशींची जबानी

१९८३च्या उन्हाळ्यात बहरीनमध्ये मासे कोणी घेत नव्हतं. वर आखातात इराण-इराकच्या लढाईमुळे तेलविहिरी फुटल्या होत्या, तेलाचा तवंग खाली सरकत होता, आणि मनामाच्या बाजारात हमूरच्या पाट्या दुपारपर्यंत तशाच पडून राहायच्या. आमच्याकडे रोज आमटी-भात आणि सोलकढी. आमसुलं संपली म्हणून एका सकाळी मी टॅक्सी करून जैनुद्दीनचाचांच्या दुकानात गेले. चाचा मूळचे श्रीवर्धनचे. त्यांच्याकडे कुळथाच्या पिठापासून फणसाच्या पापडापर्यंत सगळं मिळायचं.

मी पुडी उघडून बघत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बाय, ते आमसूल या सालचं न्हाय. वास घेऊन बघ."

वळून पाहिलं तर पंचावन्न-साठीची एक युरोपियन बाई. निळसर डोळे, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, अंगात सुती फ्रॉक आणि हातात वेताची पिशवी. मराठी मात्र अलिबागकडच्या बायकांची, जशीच्या तशी. मी इतकी गोंधळले की "थँक यू" म्हणाले. त्या हसल्या आणि चाचांकडून आतल्या डब्यातलं नवं आमसूल मागून घेतलं, माझ्यासाठीही.

त्या इर्मा चेऊलकर. आम्ही दोघी मनामाच्या अदलिया भागात राहत होतो, त्यामुळे टॅक्सी एकच केली आणि वाटेत त्यांनी आपली हकीकत थोडक्यात सांगितली. जन्म चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो गावचा. घर ज्यू. वडिलांचा हातमोजे शिवायचा कारखाना. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा घरातलं कोणी उरलं नव्हतं, फक्त एक मामा डॉक्टर होता, तो आधीच पळून मुंबईला आला होता. त्याच्याकडे त्या एकोणिसाव्या वर्षी बोटीने आल्या आणि भायखळ्याला त्याच्या दवाखान्यात काम करताना एलायजा चेऊलकरांशी लग्न झालं. चेऊलकर कोकणातल्या ज्यूंपैकी, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. पुढे एलायजांना बहरीनच्या तेलकंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी लागली, मावशी इथे नर्स झाल्या. एलायजा चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा ठाण्याला होता, नात नओमी पंधरा वर्षांची.

माझं सांगायचं तर, लग्नाआधी मी मुंबईला विधानसभेत प्रतिवेदक होते. म्हणजे सभागृहात जे बोललं जाईल ते मराठी लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करायचं. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या असायच्या. आमचे वरिष्ठ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत: ऐकलं ते लिहा, समजलं ते लिहू नका. ते माझ्या हातात भिनलं होतं. सभासद काय बोलतोय याकडे माझं लक्षही नसे. कान ऐके आणि हात लिही. माझ्या नवऱ्याला, जयप्रकाशला, अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी मिळाली म्हणून १९७८मध्ये आम्ही इथे आलो, आणि माझ्या पेन्सिली कपाटात गेल्या.

हे मी मावशींना सांगितलं. आठवड्याने त्या स्वतः घरी आल्या. नारळाच्या दुधातला हलवा घेऊन.

त्यांना आपली जबानी लिहून ठेवायची होती. डिसेंबरच्या सुट्टीत नओमी येणार होती, तिला ती वाचून दाखवायची होती. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. मुलाला सांगायचा प्रयत्न पूर्वी केला होता, पण त्याचा चेहरा बघितला की त्या गोष्ट गोड करून सांगायच्या. "तू लिहिताना मान वर करत न्हाईस ना? मग तुझ्यासमोर सांगता येईल," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मराठीत का?

"जर्मनमधे माझ्यावर ओरडले. चेकमधे बोलायला लागले की आई डोळ्यांपुढे येते, मग तोंडातून शब्द फुटत न्हाय. इंग्लिश ती हॉस्पिटलची. मराठीत मला कोणी कधी वाईट बोललं न्हाय, बाय."

हिटलरने ज्यूंचा संहार केला, हे मला शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींइतकंच ठाऊक होतं. तरी मी हो म्हटलं. तेव्हापासून सोमवारी आणि बुधवारी सकाळी दहा ते बारा मी त्यांच्याकडे जाऊ लागले. मेधा, आमची मुलगी, अकरा वर्षांची, शाळेला सुट्टी असल्याने बरोबर असायची. इंग्रजी शाळेतली असल्याने तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. लहान मुलीसमोर हे नको, असं मला वाटलं होतं. मावशी म्हणाल्या, "तिच्यासाठीच तर सांगायचं. मी शब्द सांभाळून बोलेन."

त्यांचं घर बैठं होतं, दारावर कागदी फुलांची वेल. बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, हवा इतकी दमट की फाटकाला हात लावला तर ओला व्हायचा. आत खिडकीतला ए.सी. घरघरत असायचा. मावशी कोचावर बसायच्या, मी समोरच्या खुर्चीत, मेधा सतरंजीवर कॉमिक घेऊन. लिंबाचा चहा व्हायचा. मग त्या डोळे मिटून सुरुवात करायच्या.

मला वाटलं होतं, त्या भोगलेल्या यातना सांगतील. त्यांनी पहिल्याच दिवशी वेगळं सांगितलं. त्यांना रडगाणं लिहायचं नव्हतं. ज्यांनी त्यांना काही ना काही दिलं, त्यांची नावं लिहून ठेवायची होती. बाकीचं सगळं त्या ओघात येईल, आणि ते आलंच. पंधराव्या वर्षी गाव सुटलं तेव्हा कारखान्यातल्या बोझेनाने घरचा फोटो जपून ठेवला आणि लढाईनंतर परत दिला. तेरेझीनला ज्यूंना कोंडून ठेवलं होतं, त्या वस्तीत जागेसाठी भांडणं व्हायची, शिकवायला बंदी होती, तिथे ग्रेटा नावाच्या शिक्षिकेने चौदा मुलींना कवायतीच्या नावाखाली भूमिती शिकवली. १९४४च्या ऑक्टोबरात ऑशविट्झच्या छळछावणीच्या फलाटावर एका कैद्याने सामान उतरवताना ओठ न हलवता सांगितलं, वय अठरा सांग, कामाला येणाऱ्यांनाच जिवंत ठेवतात. त्याचं नाव कळलं नाही. आई आणि धाकटा भाऊ दुसऱ्या बाजूला गेले. एवढं सांगून मावशींनी चहाचा कप उचलला, तो न पिताच खाली ठेवला आणि पुढचं नाव सांगायला लागल्या.

सासूबाईंबद्दल बोलताना मात्र त्या खुलत. चेऊलच्या घरी त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा सासूने एक प्रश्न विचारला नाही. छावणीत कापलेले केस अजून नीट वाढले नव्हते, जागोजाग विरळ होते. सासूने समोर बसवलं आणि रोज संध्याकाळी खोबरेल लावलं, वर्षभर. "हे लिही," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव सारा. ठळक लिही."

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मावशी एका मुलीपाशी आल्या.

ऑशविट्झहून त्यांना जर्मनीतल्या सॅक्सनीत एका कारखान्यात नेलं होतं, विमानाचे भाग बनवायला. कडाक्याचा हिवाळा. पहाटे साडेचारला बाहेर उभं करून मोजणी. पाच-पाचच्या रांगा, अंगावर एक पातळ कपडा, पायात लाकडी खडावा. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. जानेवारीत मावशींना ताप भरला. जो पडेल त्याला उचलून नेत, आणि तो परत येत नसे. त्यांच्या डावीकडे त्याच वयाची एक मुलगी उभी असायची, सावळी, कुरळ्या केसांचे खुंट आलेली. ती आपला खांदा मावशींच्या काखेखाली रोवून उभी राहायची आणि मोजणी संपेपर्यंत कानाशी काहीतरी बोलत राहायची. तिची भाषा मावशींना येत नव्हती, मावशींची तिला येत नव्हती. नऊ दिवस असं चाललं. दहाव्या दिवशी ताप उतरला आणि डावीकडे दुसरीच कोणी उभी होती.

"तिचं नाव मला ठाऊक न्हाय," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांचे आभार मानले मी, बाय. तिचेच राहिले. कोणाचे मानू?"

त्या दिवशी घरी येऊन मी मजकूर उतरवायला बसले. चार पानं सरळ उतरली. पाचव्या पानावर हात थांबला. मोजणीच्या वर्णनात, मावशींच्या दोन वाक्यांच्या मध्ये, माझ्याच रेघांत लिहिलेल्या तीन ओळी होत्या आणि त्या मला वाचता येत नव्हत्या. म्हणजे उच्चार वाचता येत होते. लघुलिपी आवाज लिहिते, स्पेलिंग नाही. अनोळखी शब्द आला की आम्ही स्वरांची टिंबंही नीट देतो, म्हणजे नंतर घोळ होत नाही. इथे तशी टिंबं दिलेली होती. शब्द मात्र मराठी नव्हते. हिंदी, इंग्रजी, अरबी, काहीच नव्हते.

मी स्वतःशी म्हटलं, मावशी मध्येच चेकमध्ये पुटपुटल्या असतील. कानाने ऐकलं, हाताने लिहिलं. यात नवल नव्हतं.

बुधवारी मी त्यांना ते वाचून दाखवलं. अक्षर अक्षर लावत, अर्थ न कळता. "नो ते दुर्मास, एर्मानिका. एन मी इझ्ला एल सोल केमा लास प्येद्रास."

मावशींनी डोळे उघडले. हातातला कप मेधाकडे दिला.

"हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तुम्हीच बोललात, सोमवारी.

"मी कशी बोलेन? मला आठवत असतं तर चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं असतं?" मग अगदी हळू, "तीच हाय ती. असंच बोलायची."

जयप्रकाशने हे ऐकून घेतलं आणि इंजिनियरला शोभेल असा उपाय काढला. पुढच्या सोमवारी त्याने रजा टाकली आणि कॅसेट रेकॉर्डर घेऊन माझ्याबरोबर आला. मावशींची हरकत नव्हती. टेप माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवला. मावशी पुन्हा मोजणीबद्दल बोलल्या, मधूनमधून थांबत. मी नेहमीसारखी लिहीत गेले. त्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. मला मावशींच्या आवाजाखेरीज काहीही ऐकू आलं नाही. डाव्या दंडाला गारवा जाणवत होता, तो ए.सी.चा असणार.

घरी येऊन आम्ही वही आणि टेप शेजारी ठेवून तपासलं. वहीत त्या भाषेतल्या अकरा ओळी होत्या. टेपवर त्यांच्या जागी कोणाचाही आवाज नव्हता. मावशी बोलायच्या थांबल्या की ए.सी.ची घरघर, मेधाने पान उलटल्याचा आवाज, आणि त्याखाली माझी पेन्सिल. खोलीत सगळे गप्प होते आणि पेन्सिल कागदावर भराभर चालत होती, पाऊण मिनिट, मिनिट, एकदा तर दोन मिनिटं. मग मावशींनी पुन्हा बोलायला सुरुवात केली की ती क्षणभर थांबून त्यांच्या मागून जायची.

जयप्रकाशने तो भाग तीन वेळा ऐकला. मग टेप बंद केला आणि म्हणाला, "स्मिता, तुला बरं वाटतंय ना?"

मला बरं वाटत होतं. तेच मला कळत नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण वहीतल्या त्या रेघा पाहिल्या की वाटे, कोणीतरी आपल्यावर फार मोठा विश्वास टाकला आहे.

आधीच्या तीन आणि या अकरा ओळी मी रोमन लिपीत उतरवून जयप्रकाशकडे दिल्या. कारखान्यात नाना देशांचे लोक होते, कोणाला तरी भाषा ओळखू येईल. दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळी बसने आला तो सरळ माझ्याकडे. भट्टीवरच्या ऑरेलियो नावाच्या स्पॅनिश इंजिनियरने कागद वाचला होता. आधी हसला होता, मग हसायचा थांबला होता. त्याच्या मते ही स्पॅनिशच होती, पण पाचशे वर्षांपूर्वीची. स्पेनमधून ज्यू लोकांना हाकललं तेव्हा ते ही भाषा बरोबर घेऊन गेले आणि ग्रीसकडच्या बेटांवर ती टिकून राहिली. तिथले ज्यूही लढाईत नेले गेले. ऱ्होड्‌स बेटावरून तर अगदी शेवटी, १९४४च्या जुलैत. हे कोणी लिहिलं, असं त्याने दोनदा विचारलं. जयप्रकाशने माझ्या बायकोने, एवढंच सांगितलं.

कागदाच्या मागे त्याने इंग्रजीत अर्थ लिहून दिला होता. मी तो मावशींना मराठीत सांगितला.

"झोपू नकोस, बहिणी. माझ्या बेटावर उन्हाने दगड तापतात. पाय ठेवला तर भाजतो. तू त्या दगडांवर उभी आहेस. आमच्या घरामागे अंजीर आहे, त्याच्या सावलीत माझी आजी बसते. तिला मी तुझ्याबद्दल सांगेन. झोपू नकोस. ते आता आपल्यापाशी येतील, सरळ उभी राहा. गेले. तू जगलीस तर सांग. माझं नाव..."

मावशी हळूच उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. बाहेर अंगणातल्या फरशा ऊन खाऊन पांढऱ्या पडल्या होत्या, त्यांच्यावरची हवा थरथरत होती.

"अठ्ठावीस वर्षं मी या बेटावर राहते," त्या म्हणाल्या. "ऊन फार, म्हणून कुरकुर करते."

नाव मात्र मिळालं नाही. वहीत ते पानाच्या अगदी कडेला होतं, तिथे माझा घामेजला हात टेकला होता आणि स्वरांची टिंबं पुसली होती. दोन रेघा शिल्लक होत्या, व आणि द. त्यांतून काहीही होऊ शकलं असतं. वेदा, वादी, अवदा. त्या नावांपैकी एकही मावशींना ओळखीचं वाटलं नाही; ओळखीचं वाटण्यासारखं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मी स्वतःवर चिडले. इतकी वर्षं हे काम केलं आणि एवढी एकच गोष्ट माझ्या हाताने पुसली. त्यानंतर आम्ही आणखी दहा बैठका केल्या, रेल्वेच्या उघड्या वाघिणींतला दोन आठवड्यांहून लांबलेला प्रवास, सुटका, मुंबईची बोट, सगळं झालं. पण वहीत त्या भाषेतली एकही ओळ आली नाही. ऑक्टोबरात मावशी पंधरा दिवस इस्पितळात होत्या. तिथेही मला रोज विचारत, काही आलं का?

मी सुवाच्य प्रत तयार केली. एकशे बारा पानं. नावाच्या जागी टिंबांची ओळ सोडली.

नओमी वीस डिसेंबरला आली. उंच, चष्मा लावणारी, गप्पिष्ट मुलगी. मेधाशी तिची लगेच गट्टी जमली. एक मराठीत बोलायची, दुसरी इंग्रजीत, आणि त्यांचं व्यवस्थित चालायचं. वाचनाला आम्ही बसलो ती सकाळ थंडीची होती, म्हणजे बहरीनच्या हिशेबाने थंडीची. वारा समुद्रावरून येत होता, ए.सी. बंद, खिडक्या उघड्या. मावशी कोचावर उजव्या टोकाला बसल्या. मुली खाली सतरंजीवर. मी वाचत होते.

दोन सकाळी त्यात गेल्या. नओमीने एकदाही मध्ये काही विचारलं नाही. आई आणि भावाच्या जागी आल्यावर तिने आजीच्या पायावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

तिसऱ्या सकाळी मोजणीचं प्रकरण आलं.

मी मूळ शब्द आधी वाचले, मग मराठी. झोपू नकोस, बहिणी. अंजीर, आजी, तापलेले दगड. गल्लीत कोणाची तरी गाडी सुरू होत होती, ती बंद पडली. वारा पडला असावा, पडदे सरळ लोंबत होते.

"तू जगलीस तर सांग," मी वाचलं. "माझं नाव..."

आणि टिंबांची ओळ आली. मी थांबले.

"विदा," दोन्ही मुली म्हणाल्या.

एकदम, एका आवाजात. धडा वाचून दाखवल्यावर मुलं मागून म्हणतात तशा.

मी मान वर केली. मेधा आणि नओमी माझ्याकडेच पाहत होत्या, मी पुढे का वाचत नाही म्हणून.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

नओमी गोंधळली. "तुम्ही म्हणालात तेच, काकू. विदा."

"यू सेड इट, आई," मेधा म्हणाली. "वी जस्ट रिपीटेड."

मी काही म्हटलं नव्हतं. माझे ओठ मिटलेले होते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मावशींनी आपली मान डावीकडे वळवली होती, कोचाच्या रिकाम्या भागाकडे. चेहऱ्यावर असं काही होतं की मी पान बाजूला ठेवलं.

"विदा," त्या म्हणाल्या. "मी जगले गो. मी जगले. मला मुलगा झाला. ही बघ, ही माझी नात." मग म्हणाल्या, "तुझे उपकार, विदा."

कोचाच्या त्या भागावरची उशी दबलेली होती, ती सावकाश वर आली.

दुपारी जेवताना मावशींनी दोनदा भात घेतला. मग झोपल्या त्या चार वाजेपर्यंत. नओमीने नंतर सांगितलं की आजी दुसऱ्या दिवशी पहाटे उठलीच नाही, सात वाजले तरी गाढ झोपली होती, म्हणून ती घाबरून श्वास बघायला गेली होती. चाळीस वर्षं मावशींना रोज साडेचारला जाग यायची. त्यानंतर त्या वेळी जाग कधी आली नाही.

ऑरेलियोला मी नाव कळवलं. त्याने सांगितलं, त्या भाषेत विदा म्हणजे आयुष्य. जन्मतः नाजूक असलेल्या मुलींना हे नाव ठेवत, जगावी म्हणून.

डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा मावशी दोन वर्षं जास्त जगल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं की मी त्यांचं फार मोठं काम केलं. मला ते ऐकवेना. काम त्यांनी माझं केलं होतं. मी आयुष्यभर लोकांचं बोलणं लिहिलं, बहुतेक सगळं त्याच दिवशी विसरून जाण्याजोगं. लिहून ठेवण्याजोगं जे होतं ते मला त्यांनी दिलं, आणि माझ्या मुलीला ते ऐकू दिलं. १९८६च्या मार्चमध्ये त्या गेल्या. मनामाच्या लहानशा ज्यू दफनभूमीत, एलायजांच्या शेजारी त्यांना ठेवलं. नओमीने एकशे बारा पानांची प्रत ठाण्याला नेली. आता ती शिक्षिका व्हायचं म्हणते, आणि दर वर्षी जानेवारीत आळीतल्या मुलांना गोळा करून मोजणीचं प्रकरण वाचून दाखवते. मुलं शांत बसतात, असं तिने लिहिलं आहे. घरी गेल्यावर आईला सांगतात.

आमची मेधा या वर्षी, १९८९मध्ये, पुण्याला कॉलेजात गेली. होस्टेलवर राहते. लघुलिपी तिला मी कधी शिकवली नाही, तिने कधी विचारलीही नाही. गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं. आठ पानी, आणि चक्क मराठीत. मेस, मैत्रिणी, थंडी, सगळं होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

"आई, एक सांगायचं राहिलं. फिजिक्सच्या तासाला नोट्स घेताना मधेच दुसरंच काहीतरी लिहिलं जातं. आधी एकच मुलगी होती, पोलिश असावी. आता बरेच आहेत, म्हातारे पण. काही भाषा मी लायब्ररीत शोधून काढल्या. तू घाबरू नकोस, मी घाबरत नाही, मला उलट बरं वाटतं. मी त्यांच्यासाठी वेगळी वही घातली आहे, ही चौथी. सगळे एकदम बोलायला लागले की मला लिहिता येत नाही, म्हणून एकेकाने बोला असं मी त्यांना सांगितलं. ते ऐकतात. एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात. परीक्षा जवळ आली आहे, त्यानंतर लिहीन म्हटलं, तर त्यालाही हो म्हणाले. त्यांना घाई नाही."